पुढच्या गाडीचा इशारा म्हणजे परवानगी नव्हे

या महिन्याचा पाठ : रस्त्यावरच्या खुणा आणि रस्त्याचे नियम



या महिन्याचा पाठ कर्जाचा नाही आणि हिशेबाचाही नाही. रस्त्याचा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या गटांतल्या किती जणींनी स्कूटी घेतली, जरा आठवून बघा. कुणी डेअरीला दूध घालायला, कुणी मुलीला कॉलेजला सोडायला, कुणी पापड-मसाल्याचा माल पुण्यात पोचवायला. पूर्वी मार्केट यार्डला जायचं तर कुणाच्या टेम्पोत जागा आहे का ते विचारत फिरावं लागायचं. आता आपणच किल्ली फिरवतो आणि निघतो. ही छोटी गोष्ट नाही.

पण गावातला रस्ता वेगळा आणि हडपसर, स्वारगेट, कात्रजचा रस्ता वेगळा. तिथं दोन भाषा चालतात. एक नियमांची, जी आपण लायसन्ससाठी शिकतो. दुसरी कुणी शिकवत नाही. ती लाइटने, हॉर्नने, हाताने, कधी कधी तर पायानेही बोलतात. या दुसऱ्या भाषेचा मी एकदा चुकीचा अर्थ लावला. त्याची किंमत माझ्यापेक्षा दुसरीनेच जास्त मोजली. म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

काय घडलं

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पुण्यात भीमथडी जत्रा भरली होती. स्टॉल कसे मांडतात, पॅकिंग कसं करतात, भाव कसे लावतात, ते बघायला मी आणि आपल्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताई स्कूटीवरून निघालो. मी चालवत होते, ताई मागे. दिवे घाट उतरलो, वडकी मागं टाकली. पुढं मालाने भरलेला ट्रक रेंगाळत चालला होता. धूळ नाकातोंडात जात होती, उशीरही होत होता.

तेवढ्यात ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला. कॉलेजात असताना हायवेवर मित्रमैत्रिणींबरोबर फिरायचे, तेव्हा शिकले होते की ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे ‘पुढं रस्ता मोकळा आहे, ये’. मी ॲक्सिलरेटर पिळला. मागून ताई म्हणाल्या, “थांब गं, म्होरं गोदामाची वाट हाय.” मला ऐकू आलं होतं. पण हात आधीच फिरला होता.

ट्रक खरोखरच उजवीकडे गोदामाच्या वाटेला वळला. त्याचा वेग कमी होता म्हणून आम्ही दोघी वाचलो. हँडलला धक्का बसला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला पडलो. माझ्या गुडघ्याला चार टाके. ताईंचं उजवं मनगट मोडलं. हेल्मेट फक्त माझ्याच डोक्यावर होतं. ताईंचं डोकं मातीवर आपटलं, दगडावर नाही, एवढंच नशीब.

ड्रायव्हर धावत आला. तोही थरथरत होता. म्हणाला, “मॅडम, मी सिग्नल दिला होता की!” मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्याने सिग्नल दिला होताच.

ताईंचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि त्यानंतरही पोळपाट-लाटणं धरवेना. पापडाचा हंगाम तोंडावर होता. गटाने बैठकीत ठराव करून तीन महिने त्यांच्याकडून फक्त व्याज घ्यायचं ठरवलं, म्हणून घर सावरलं. माझ्या एका सेकंदाच्या ‘मला कळलं’चा हा हिशेब.

चूक नेमकी कुठं झाली?

नियमाप्रमाणे उजव्या इंडिकेटरला एकच अर्थ आहे : मी उजवीकडे वळतोय किंवा उजवीकडे सरकतोय. ड्रायव्हर नियमाने वागला. मी त्याचा अर्थ चालरीतीने लावला. दोघांचीही भाषा एकच असेल असं मी गृहीत धरलं.

मग ही चालरीत आली कुठून? ती अगदीच हवेतून आलेली नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत ‘तू मला ओलांडून पुढे जा’ हे मागच्याला सांगण्यासाठी ड्रायव्हरने करायची खूण दिली होती. उजवा हात खिडकीतून आडवा बाहेर काढायचा आणि मागेपुढे अर्धगोल हलवायचा. म्हणजे इशारा हाताचा होता. मला वाटतं, पुढं ड्रायव्हर लोकांनी हात बाहेर काढायचा सोडला आणि तेच काम उजव्या इंडिकेटरवर ढकललं. पण इंडिकेटरला अर्थ आधीच ठरलेला होता. एका दिव्याच्या माथी दोन अर्थ आले.

दोनच नाही, तीन. काही ड्रायव्हर ‘जा’ सांगायला डावा इंडिकेटर लावतात आणि ‘येऊ नको, समोरून गाडी आहे’ सांगायला उजवा. म्हणजे उजवा दिवा लागला तर तो वळत असेल, तुम्हाला बोलावत असेल किंवा थांबवत असेल. तीनपैकी दोन वेळा पुढं जाणं जिवावर बेतणारं. नेहमी एकाच रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या दोघांना एकमेकांचं कळतही असेल. आपण त्यांच्यातल्या नाही.

आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. नळावर पाणी भरताना एखादी सदस्य म्हणाली, “असू दे, तुझा हप्ता पुढच्या महिन्यात दे, चालेल.” ती चांगल्या मनाने म्हणाली. पण तो गटाचा ठराव झाला का? नाही. बैठकीत ठरलं, इतिवृत्तात आलं, सह्या झाल्या, की ठराव. रस्त्यावरचा हात किंवा लाइट म्हणजे नळावरचं बोलणं. नियम म्हणजे इतिवृत्त. नळावरचं बोलणं ऐकायचं, पण त्यावर कर्ज उचलायचं नाही.

नेहमी दिसणारे इशारे

१. समोरून मारलेला डिपर. समोरची गाडी लाइट उघडझाप करते. याचे अर्थ किती? ‘थांब, आधी मी येतोय.’ ‘तुझा मोठा लाइट माझ्या डोळ्यांवर येतोय.’ ‘पुढं अपघात झालाय.’ ‘पुढं पोलीस उभे आहेत.’ आपल्याकडे अरुंद पुलावर डिपर म्हणजे बहुतेक वेळा ‘मी थांबणार नाही’. ब्रिटनमध्ये बरेच लोक तोच डिपर ‘तुम्ही आधी जा’ म्हणून मारतात, म्हणजे बरोबर उलटा. आणि तिथली नियमांची पुस्तिका, हायवे कोड, सांगते की डिपरचा उपयोग फक्त ‘मी इथं आहे’ एवढं कळवायला करायचा, समोरच्याने मारला म्हणून ‘जा’ असं समजायचं नाही. आपणही तेवढंच धरायचं : गाडी आहे आणि ती येतेय.

अवजड गाडी लांबलचक हॉर्न वाजवत, लाइट मारत उतारावरून येत असेल तर आणखी एक शक्यता मनात ठेवायची, तिचा ब्रेक लागत नसेल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका अवजड गाडीने दिलेल्या धडकेत ४० हून अधिक गाड्यांचं नुकसान झालं होतं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं, हीही एक चालरीतच आहे. असं केलं की इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आपली स्कूटी घाटात उतरतानाही इंजिन बंद करायचं नाही. त्यात वाचलेल्या पेट्रोलने कुणी श्रीमंत होत नाही.

२. चारही इंडिकेटर एकदम. चौकात ‘मी सरळ जाणार’ हे सांगायला काही जण चारही दिवे लावतात. बोगद्यात आणि जोराच्या पावसातही लावतात. खरं तर ते ‘गाडी बंद पडली आहे, धोका आहे’ यासाठी असतात. चौकात तुम्ही बाजूच्या रस्त्यावर उभ्या असाल, तर तुम्हाला त्या गाडीची एकच बाजू दिसते. म्हणजे एकच दिवा लुकलुकताना दिसतो आणि तुम्ही म्हणता, ‘हा वळतोय, मी निघते.’ तो मात्र सरळ अंगावर येतो. सरळ जाण्यासाठी कोणताच इंडिकेटर लागत नाही, हे घरात गाडी चालवणाऱ्या मुलांना आणि भावांनाही सांगा.

३. हात, आणि रिक्षावाल्याचा पाय. पुण्यात रिक्षाच्या बाहेर पाय आला की समजावं, रिक्षा त्या बाजूला सरकणार आहे किंवा थांबणार आहे. नियमात पायाची खूण नाही, पण पाय दिसला तर अंतर ठेवायचं. जास्त धोका चांगुलपणाच्या हातात असतो. तुम्ही रस्ता ओलांडायला उभ्या आहात, बसचा ड्रायव्हर थांबतो आणि हाताने ‘जा’ म्हणतो. तो त्याच्या बसपुरतं बोलतोय. बसच्या पलीकडून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो हात दिसत नाही आणि तुम्हीही दिसत नाही. बसच्या पुढच्या कोपऱ्याशी थांबा, मान बाहेर काढून बघा आणि मगच पाऊल टाका. त्या ड्रायव्हरला मान हलवून धन्यवाद द्यायचेच, पण धावायचं नाही.

पायी चालताना आपणही तळहात दाखवून गाड्या थांबवतो. पहिली गाडी थांबते, पण तिच्या मागच्याला तो हात दिसत नाही. झेब्रा पट्टे असतील तिथूनच ओलांडा. पट्ट्यांच्या आधी गाडी थांबवणं हे नियमाने वाहनचालकाचं काम आहे. तरीही एकेक पट्टा बघत बघत पुढं जायचं.

४. हॉर्न. ट्रकच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचतच आपण मोठ्या झालो. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रकवर हे लिहायला बंदी केली, कारण त्यातून विनाकारण हॉर्न वाजवायचं निमंत्रणच मिळतं. हॉर्न वाजवला म्हणजे पुढच्याने ऐकला असं नाही आणि ऐकला म्हणजे वाट दिली असंही नाही. मागून हॉर्न आला म्हणून घाबरून एकदम डावीकडे वळू नका. आपली रेषा सोडायची नाही. आधी आरशात बघायचं, मग हळूहळू बाजूला व्हायचं.

ऐकण्यासारखे इशारेही असतात

सगळेच इशारे वाईट नसतात. “ताई, स्टँड!” अशी हाक रोज कुणी ना कुणी मारतं आणि त्याने किती तरी जणी पडता पडता वाचल्या असतील. “ओढणी!”, “पदर!” अशी हाक आली तर तीही देवाची हाक समजा. चाकात कपडा जाऊ नये म्हणून दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलं आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. जुनी गाडी घेताना ते काढून टाकलेलं नाही ना, ते बघून घ्या.

एक इशारा मात्र जुना झाला. बोटं उघडझाप करून लोक सांगतात, ‘दिवसा लाइट चालू राहिलाय.’ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा गाडी चालू असेपर्यंत चालूच राहतो. तो आता कायद्यानेच तसा असतो. त्यामुळे हा इशारा झाला तर गोंधळून बटणं शोधत बसू नका. फक्त एकदा इंडिकेटर चालू राहिला नाही ना, ते पाहा. बऱ्याच स्कूटींचा इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद होत नाही. तो तसाच लुकलुकत राहिला, तर आपणच मागच्याला खोटं सांगत चाललेलो असतो.

या हाका आणि ‘जा, ये’ म्हणणारा हात यांत फरक काय? स्टँडची हाक आपल्याला माहिती देते आणि ती खरी की खोटी ते आपल्याला तपासता येतं. ‘जा’ म्हणणारा हात मात्र आपल्या वतीने निर्णय घेतो. माहिती घ्यायची, निर्णय आपला ठेवायचा. आणि तपासायला थांबायचं तेही भर रस्त्यात नाही. डावीकडे, दुकानासमोर, चार माणसं असतील तिथं.

नियमातल्या खुणा

लायसन्सच्या परीक्षेत विचारतात त्या हाताच्या खुणा पाठ करून ठेवा. सगळ्या उजव्या हाताच्या आहेत.

• उजवीकडे वळायचं : हात सरळ आडवा, तळवा पुढे.
• डावीकडे वळायचं : हात आडवा काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा.
• वेग कमी करायचा : हात आडवा, तळवा खाली, हात वर-खाली.
• थांबायचं : हात कोपरातून सरळ वर.
• मागच्याला पुढे जाऊ द्यायचं : हात आडवा, मागेपुढे अर्धगोल.

स्कूटीवर उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो, म्हणून आपल्यासाठी इंडिकेटरच मुख्य. पण तो बंद पडला तर खुणा यायला हव्यात, आणि ट्रॅक्टर-टेम्पोवाल्याने केलेली खूण ओळखताही यायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२१ ने ठरवून दिलेले इशारे देणं हे चालकाचं कर्तव्य केलं आहे.

चौकात कुणाचं ऐकायचं, याचीही उतरंड आहे. सगळ्यात वर गणवेशातल्या पोलिसाचा हात. दिवा हिरवा असला आणि त्याने थांबवलं, तर थांबायचं. त्यानंतर सिग्नलचा दिवा. मग पाट्या आणि रस्त्यावरचे पट्टे. बाकीच्यांचे हात, लाइट, हॉर्न या सगळ्याच्या खाली. पिवळा दिवा नुसता लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जायचं. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून, बघून जायचं.

घाटाचा एक नियम तर आपल्या चालरीतीशी जुळतोच. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. इथं कुणाच्या इशाऱ्याची वाट बघायची गरजच नाही.

मग करायचं काय?

ट्रकच्या मागं अडकलात आणि त्याने कोणताही इशारा केला, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पुढं फाटा, गोदाम, पेट्रोल पंप किंवा वळण आहे का? असेल तर थांबा.
समोरचा रस्ता मला स्वतःला लांबपर्यंत दिसतोय का? दिसत नसेल तर थांबा.
मागे बसलेली काही म्हणतेय का? म्हणत असेल तर आधी तिचं ऐका.

तिन्हींची उत्तरं मोकळी असतील तरच इंडिकेटर देऊन, हॉर्न वाजवून, उजवीकडून पुढं जा. इशारा करणारा निघून जातो. पंचनामा होतो तेव्हा हँडल कुणाच्या हातात होतं ते बघतात.

आणि हेल्मेट दोघींना. मागे बसणारीलाही ते कायद्याने लागतंच. मी त्या दिवसापासून दोन हेल्मेट बाळगते.

बैठकीत करायचं काम (२० मिनिटं)

१. पाच जणींनी उभं राहून वरच्या पाच खुणा करून दाखवायच्या, बाकीच्यांनी ओळखायच्या.
२. प्रत्येकीने एक प्रसंग सांगायचा : दुसऱ्याच्या इशाऱ्यावर विसंबून कधी फसगत झाली का?
३. आपल्या गावापासून पुण्यापर्यंतच्या रस्त्यावरचे फाटे, गोदामं, अरुंद पूल आणि अवघड वळणं यांची यादी करा. ज्या मागे बसतात त्यांनाही विचारा. त्यांचे डोळे मोकळे असतात, त्यांना जास्त माहीत असतं.
४. स्कूटी असलेल्या सदस्यांची लायसन्स, विमा, साडी गार्ड आणि दुसरं हेल्मेट आहे का, ते बघा. जे नसेल ते इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.

हा पाठ लिहिण्याआधी मी ताईंना विचारायला त्यांच्या घरी गेले होते. हात आता बरा आहे, थंडीत ठणकतो. पापड लाटता लाटताच त्या म्हणाल्या, “लिही की. माझं नाव नको घालू. पण मी थांब म्हनले होते आन् तू ऐकलं न्हाईस, त्ये मातर लिही.”

लिहिलं, ताई.